घेणारा एक, वापरणारा दुसरा



बैलजोडी घ्यायची असेल तर कास्तकार काय करतो? चार बाजार फिरतो. दात पाहतो, खूर पाहतो, जू ठेवून चालवून पाहतो. जाणत्या माणसाला सोबत नेतो आणि शेवटच्या शंभर रुपयांसाठीही घासाघीस करतो. कारण पैसा त्याचा, वावर त्याचे आणि बैल बसला तर नुकसानही त्याचेच.

आता सरकारी खरेदी पाहा. फवारणीचा पंप आपल्या पाठीवर बसणार, पण तो निवडला जातो जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या कचेरीत. निवडणाऱ्याने तो कधी पाठीवर घेतलेला नसतो. पैसा त्याच्या खिशातला नाही आणि पंप गळला तर भाजणारी पाठही त्याची नाही. वस्तू घेणारा एक, वापरणारा दुसरा आणि पैसा तिसऱ्याचा, अशी ही खरेदी आहे. अशा खरेदीत माणसे चांगली असली तरी सौदा चांगला होत नाही, आणि माणसे वाईट असली तर विचारायलाच नको.

कुणी म्हणेल, फुकट मिळते आहे, कशाला नावे ठेवता? फुकट काही नाही. जमीन महसुलाबरोबर जिल्हा परिषदेचा उपकर आपण भरतो. वावराचे खरेदीखत केले तर मुद्रांक शुल्काबरोबर तिचा हिस्सा वसूल होतो. बाकीचा पैसा राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीतून येतो. तिथेही खताच्या पोत्यापासून डिझेलपर्यंत जे जे आपण घेतो त्यावरचा कर जाऊन पडतोच. तिजोरी आपली आहे. हिशेब मागणे हा उपद्रव नाही, तो मालकाचा हक्क आहे.

या संस्थेशी यवतमाळचे नाते जुने आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कारभार लोकांच्या दारी यावा, गावच्या माणसाने उठून विचारावे आणि साहेबाने उत्तर द्यावे, हा त्यामागचा विचार होता. त्यासाठीच कायद्याने दर तीन महिन्यांच्या आत सर्वसाधारण सभा सांगितली.

सभेचे पुढे काय झाले, ते कुठल्याही जिल्ह्याच्या माणसाला विचारा. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यातच तासभर जातो. मग शिक्षकांच्या बदल्यांवर खडाजंगी होते. खरेदीचा विषय येतो तो ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या कलमात, जेवणाची वेळ झालेली असताना. सदस्याच्या हातात ना दराचा तक्ता, ना कुणी किती दर दिला त्याचा कागद. काही वेळा तर माल येऊन पडलेला असतो, बिल निघालेले असते आणि सभेपुढे फक्त ‘कार्योत्तर मंजुरी’ असते. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्याचाच हा प्रकार!

मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेच्या ६१ सदस्यांची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही आणि प्रशासक बसले. त्यानंतर वर्षामागून वर्षे अशी गेली की सोळा तालुक्यांतून निवडून आलेला एकही माणूस त्या सभागृहात नव्हता. प्रस्ताव तयार करणारे तेच, मंजूर करणारे तेच, खर्च करणारेही तेच. सदस्य असताना सभा वाईट चालत होती, हे खरे. पण त्यावर उपाय सभा चांगली चालवणे हा आहे, सभाच बंद ठेवणे हा नव्हे. गोठ्यात गोचीड झाली म्हणून कुणी गोठा पेटवत नाही.

खरेदीला नियम नाहीत असे नाही. डिसेंबर २०१६ च्या राज्याच्या खरेदी धोरणाने ३ लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची केली. त्याआधी दरकराराची चाल होती. १३ फेब्रुवारी २०१५ या एका दिवसात महिला व बालविकास विभागाने २४ शासन निर्णय काढून सुमारे २०६ कोटींची खरेदी मंजूर केली, तिच्यात अंगणवाडीच्या मुलांची चिक्कीही होती. मोठा गदारोळ झाला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला चौकशीत गैरव्यवहार आढळला नाही. पण गुन्हा झाला नाही एवढ्यावरून सौदा चांगला झाला, असे ठरत नाही. आपला प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे.

नियम पाळूनही खरेदी कशी फसते, ते समजून घ्या. मर्यादा कितीही ठेवा, एका मागणीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा तिच्याखाली बसवता येतो. वस्तूचे वर्णन असे लिहिता येते की एकाच कंपनीचा माल त्यात बसावा. तीन दरपत्रके येतात, पण तिघांचे अक्षर एकच असते. निधी वर्षभर पडून राहतो आणि मार्चमध्ये घाईने संपवला जातो. मग फवारणीचा पंप उन्हाळ्यात येतो आणि बियाणे पेरणी उलटल्यावर. कागद पाहिला तर प्रत्येक शिक्का जागेवर असतो.

याची किंमत साध्या हिशेबाने काढता येते. समजा ५०० पंप घ्यायचे आहेत. बाजारात पंप २,२०० रुपयांना मिळतो आणि कचेरीने तो ३,००० रुपयांना घेतला. खर्च ११ लाखांऐवजी १५ लाख झाला. वरच्या ४ लाखांत आणखी १८१ पंप आले असते. म्हणजे १८१ कास्तकार यादीतून गळाले. त्यांना कळतही नाही की आपले नाव का आले नाही.

आणि प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. २०१७ च्या खरिपात या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. पंप, हातमोजे, तोंडावरचे कापड या आपल्याकडे जीव वाचवणाऱ्या वस्तू आहेत. त्यांची निवड टेबलावर नमुना ठेवून होणार असेल, तर ती कोण करतो हे विचारलेच पाहिजे.

सरकारलाही हे एकदा उमगले होते. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने ठरले की वस्तू वाटण्याऐवजी लाभार्थ्याच्या बँक खात्यात रक्कम द्यावी. वस्तू ज्याची त्याने निवडावी. निर्णय चांगला होता, पण त्यात एक खोट राहिली. आधी स्वतःच्या पैशाने वस्तू घ्या, पावती दाखवा, मग रक्कम जमा होईल. जूनमध्ये बियाण्यासाठी दारोदार फिरणारा कोरडवाहू कास्तकार आधी पैसे कुठून आणणार? ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच मदत, असा त्याचा अर्थ झाला. ज्याच्याजवळ नाही त्याच्या नावावर कोरी पावती फाडायला दुकानदार तयारच असतो.

ही खोट दुरुस्त करायची सोडून पावले उलटी पडली. २०२४ साली कृषी विभागाने कापूस साठवणुकीच्या पिशव्या, बॅटरीचे फवारणी पंप आणि नॅनो खते महामंडळांमार्फत घेऊन वस्तूरूपानेच वाटायचे ठरवले. २०२५ मध्ये दरांवरून जाहीर आरोप झाले. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि निर्णय सरकारच्या अधिकारातला मानला. ते मान्य. पण कापूस आपला, घर आपले. तो पिशवीत ठेवायचा की नाही आणि कोणत्या पिशवीत, हे आपल्याला कुणी विचारले होते का?

एकत्र खरेदी स्वस्त पडते, असे साहेब सांगतात. पडत असेल, तर तो दर आणि त्या दिवशीचा यवतमाळच्या बाजारातला दर शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. लाभार्थी पैसे उडवतील, असेही सांगतात. बायको-लेकरांसह वर्षभराचा हंगाम उधारीवर काढणाऱ्याला पैशाची किंमत शिकवायला कचेरीची गरज नाही.

सगळेच रोखीत देता येत नाही, हेही उघड आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातले साप चावल्याचे औषध, शाळेचे बाक, जनावरांच्या दवाखान्यातली लस ही खरेदी सरकारलाच करावी लागेल. तिथे उघडी सभा आणि उघडा कागद एवढेच कुलूप आपल्या हाती आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. जी वस्तू कास्तकार स्वतः निवडू शकतो तिची रक्कम त्याला द्या, आणि निम्मी आधी द्या. खरेदीचा विषय सभेच्या सात दिवस आधी दरांच्या तक्त्यासह सदस्यांना द्या; ऐनवेळी आणि कार्योत्तर बंद. काय घेतले, कुणाकडून, किती दराने आणि कोणाला दिले, याची यादी ग्रामसभेत वाचा.

हे मिळेपर्यंत हातावर हात धरून बसायचे कारण नाही. नोव्हेंबर २०१८ च्या राज्य शासनाच्या परिपत्रकाने जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रे पाहण्याची सोय सांगितली आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे एका सोमवारी जा. एकच वस्तू धरा. मागणी कधी झाली, दर किती लागला, माल कधी आला, हे तीनच प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहून आणा. त्याच दिवशी बाजारातून त्या वस्तूचा भावही आणा. दाखवायला नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

सोळा तालुक्यांच्या सोळा वह्या पुढच्या जिल्हा बैठकीत समोर ठेवू. मग बोलायला भाषणाची गरज उरणार नाही.