हातात कात्री, समोर पेपर

अमेरिकेत दुसऱ्याचे केस कापून पोट भरायचे तर सरकारी परीक्षा पास होऊन लायसन्स घ्यावे लागते, असे सांगितले की आपल्याकडची माणसे हसतात. ‘कात्री चालवायला कसली आली परीक्षा?’ असे विचारतात. पण त्या परीक्षेत काय विचारतात ते कळले की हसू मावळते. आपल्या घराघरांत अशी मुले आहेत की हाताला कसब भरपूर, पण पेपर म्हटला की घाम फुटतो. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आजचे सदर आहे.

तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्हाव्याच्या लायसन्सचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने 1897 साली केला. साधारण रीत अशी की, उमेदवाराने मान्यता असलेल्या शाळेत ठरलेले तास शिकायचे आणि मग परीक्षेला बसायचे. कॅलिफोर्निया राज्यात पूर्वी 1,500 तास लागत. 1 जानेवारी 2022 पासून ते 1,000 झाले. आम्ही कारकून माणसे, हिशेब केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. रोज 8 तास आणि आठवड्याला 5 दिवस धरले तर 1,000 तासांचे 25 आठवडे होतात, 1,500 तासांचे साडेसदतीस. फरक साडेबारा आठवड्यांचा, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा. शिकताना फी भरायची आणि रोजगारही बुडवायचा. तीन महिने म्हणजे काय, हे हातावर पोट असणाऱ्याला सांगायला नको.

आता पेपरात काय असते ते पाहू. एका प्रश्नाला चार उत्तरे दिलेली असतात, त्यातले बरोबर उत्तर निवडायचे. प्रश्न मात्र केशरचनेपेक्षा आरोग्याचेच जास्त. जंतूंचे प्रकार कोणते? हत्यार नुसते धुणे, जंतुनाशकात बुडवणे आणि पूर्ण निर्जंतुक करणे यांत फरक काय? गजकर्ण झालेल्या गिऱ्हाइकाचे केस कापावेत की त्याला डॉक्टरकडे पाठवावे? कातडीचे थर किती? केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, मग गळतो केव्हा? दाढीसाठी चेहऱ्याचे 14 भाग पाडून वस्तरा कुठे कसा धरायचा, हेही शिकावे लागते.

बऱ्याच राज्यांत प्रात्यक्षिकही असते. परीक्षक सूचना वाचून दाखवतो आणि मग मुकाट्याने पाहत बसतो. उमेदवाराच्या पेटीतल्या प्रत्येक बाटलीवर आणि पिशवीवर चिठ्ठी हवी. कंगवा जमिनीवर पडला तर तो झटकून पुन्हा वापरायचा नाही, बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. बोट कापले तर आधी काय करायचे, याचीसुद्धा परीक्षा. वीस वर्षे दुकान चालवलेला कसबी माणूसही इथे मार्क गमावू शकतो, कारण हात सवयीने चालतो आणि पडलेला कंगवा सवयीनेच उचलला जातो.

ही परीक्षा सर्वांना सारखी वाटली असेल असे मात्र नाही. हे कायदे व्हावेत म्हणून गोऱ्या कारागिरांच्या संघटनांनी जोर लावला होता. स्वच्छतेचे कारण खोटे नव्हते. एकाच वस्तऱ्याने आणि एकाच टॉवेलने रोग पसरत होते. पण परीक्षा घेणारे सगळे गोरेच असतील तर ते आपल्याला मुद्दाम नापास करतील, अशी धास्ती कृष्णवर्णीय न्हाव्यांना होती. म्हणून त्यांच्यापैकी अनेकांनी या कायद्यांना विरोध केला.

अलोंझो हर्नडन यांचे उदाहरण घ्या. 1858 साली जॉर्जिया राज्यात ते गुलाम म्हणून जन्मले. पुढे न्हावी झाले आणि अटलांटा शहरात झुंबरे लावलेले संगमरवरी दुकान थाटले. त्या कमाईतून 1905 साली त्यांनी विमा कंपनी उभी केली. पण त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक फक्त गोरे. दुकान कृष्णवर्णीयाचे, कात्री कृष्णवर्णीयाची, आणि खुर्चीवर कृष्णवर्णीयाला जागा नाही! 1926 साली अटलांटाच्या नगर परिषदेने कृष्णवर्णीय न्हाव्यांनी गोऱ्या बायकामुलांचे केस कापू नयेत असा नियम केला. लोक कोर्टात गेले आणि कोर्टाने तो नियम रद्द केला.

हे वाचताना आपल्याला आपले दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिले आहे की, साताऱ्याला त्यांच्या घरात केस कापण्याचे काम त्यांची थोरली बहीण करीत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता. रोजच्या सरावाने ती बहीण त्या कामात तरबेज झाली. तिच्या हातात कसब होते, पण त्या कसबाला बाजारात किंमत नव्हती आणि कागदावर नाव नव्हते. आपल्या किती आयाबहिणींचे कसब असेच घरातल्या घरात विरून गेले असेल!

म्हणून माझे म्हणणे असे की, कागदाला कमी लेखू नका आणि त्याला भिऊही नका. आपल्याकडे सलून काढायला अशी परीक्षा लागत नाही. पण वायरमनला परमिट लागते, बॉयलर सांभाळणाऱ्याला प्रमाणपत्र लागते, ड्रायव्हरला लायसन्स लागते. आयटीआयच्या मुलालाही प्रात्यक्षिकाबरोबर लेखी पेपर असतोच. काम येणारा मुलगा पेपरपाशी अडला की आयुष्यभर हेल्पर राहतो, आणि सही करणारा दुसराच असतो.

त्या न्हाव्यांच्या तयारीतून आपण चार गोष्टी घेऊ शकतो. पहिली, परीक्षेची माहितीपुस्तिका आधी मिळवा. कोणत्या विषयाला किती वजन आहे ते पाहून वेळ वाटा. दुसरी, काम करताना तोंडाने बोला. आता मी काय करतो आहे आणि का करतो आहे, हे मोठ्याने म्हटले की हाताचे ज्ञान शब्दांत उतरते आणि पेपरात तेच लागते. तिसरी, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा आणि झोपण्यापूर्वी तीच वाचा. चौथी, एकट्याने अभ्यास करू नका. घरातल्या चौथी-पाचवीतल्या पोराला प्रश्न वाचायला सांगा. विहारात संध्याकाळी चारजण तासभर बसा.

भाषेचा अडसर आहे म्हणून मागे हटू नका. कॅलिफोर्नियात हा पेपर इंग्रजीबरोबर स्पॅनिश, व्हिएतनामी आणि कोरियन भाषेतही देता येतो. आपणही फॉर्म भरतानाच विचारावे, पेपर मराठीत आहे का? विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि आईवडिलांना एक विनंती. पोरगा एकदा नापास झाला तर ‘तुला कागद जमणार नाही, कामाला लाग’ असे म्हणू नका. कामाला तो लागलेलाच आहे. त्याला संध्याकाळचा एक तास, एक दिवा आणि प्रश्न विचारणारे एक माणूस द्या. पुढच्या खेपेला निकाल काय लागला, ते आम्हाला जरूर कळवा.