रंगभूमीचा दस्तऐवज कोणाचा?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील नाट्यगृहे १२ मार्च २०२० रोजी महामारीमुळे बंद झाली. त्यापाठोपाठ लंडनच्या वेस्ट एण्डवर आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यातही पडदे उतरले, आणि रंगभूमीवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा नटांपासून द्वारपालांपर्यंत सर्वांवर सक्तीची बेकारी ओढवली. पुढच्याच महिन्यात अँड्र्यू लॉइड वेबर यांची संगीत नाटके यूट्यूबवरून मर्यादित मुदतीपुरती विनामूल्य दाखविण्यास प्रारंभ झाला, ज्यांत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये २०११ साली झालेला 'फँटम ऑफ द ऑपेरा'चा रौप्यमहोत्सवी प्रयोगही होता. आणि ३ जुलै रोजी लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे 'हॅमिल्टन' डिस्नेने घरोघरच्या पडद्यांवर आणले, जे भारतातल्या वर्गणीदारांनाही हॉटस्टारवर पाहता आले. संकटकाळी कोणी घरी बसून नाटक पाहिले, तर त्याबद्दल फिर्याद गुदरावी असे वरकरणी कोणालाही वाटणार नाही. परंतु रंगभूमीच्या निष्ठावंत उपासकांनी ती गुदरलेली आहे, आणि त्यांचा पक्ष भावनेचा असला तरी उथळ नसल्यामुळे त्याचा मुद्देसूद परामर्श घेणे अगत्याचे आहे.

त्यांचा पहिला आक्षेप असा की, नाटक ही नट आणि प्रेक्षक यांच्या एकाच स्थळी व एकाच काळी घडणाऱ्या भेटीतून निपजणारी कला असल्यामुळे, जेथे प्रेक्षकाच्या हशाने नटाचा पुढचा शब्द क्षणभर अडत नाही आणि टाळीने गाणाऱ्याला पुन्हा तान घ्यावीशी वाटत नाही, तो प्रयोगच नव्हे. दुसरा असा की, रंगमंचाच्या कोणत्या कोपऱ्याकडे पाहावे याबाबत नाट्यगृहातील मनुष्य स्वतःचा मुखत्यार असतो, तर कॅमेरा ती मुखत्यारी काढून घेऊन दिग्दर्शकाच्या हुकमाप्रमाणे त्याचे डोळे वळवतो. तिसरा आणि व्यवहारदृष्ट्या सर्वांत गंभीर आक्षेप असा की, घरबसल्या अल्प दामात नाटक मिळू लागल्यावर तिकिटाला पैसे मोजून नाट्यगृहात येणार कोण; आणि या भीतीला मराठी माणसाजवळ तर ऐतिहासिक पुरावाही असतो, कारण बोलपट आला आणि संगीत नाटकमंडळ्या देशोधडीला लागल्या, हे त्याने वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेले असते.

पहिल्या आक्षेपातील विधान मला सर्वस्वी मान्य आहे. त्यापासून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. चित्रमुद्रित नाटक हा प्रयोग नव्हे, तो प्रयोगाचा दस्तऐवज आहे. परंतु दस्तऐवज म्हणजे मूळ व्यवहार नव्हे एवढ्यावरून तो रद्दी ठरत असेल, तर जगातील सारे दफ्तरखाने जाळून टाकावे लागतील. 'हॅमिल्टन'चे चित्रण कोणत्या निकडीतून झाले हे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ब्रॉडवेच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरात सुरू झालेले हे नाटक पुढच्या वर्षी ११ टोनी पारितोषिके मिळवून कीर्तीच्या शिखरावर असतानाच, मिरांडा, लेस्ली ओडम आणि फिलिपा सू हे मूळ संचातील तीन प्रमुख कलावंत ९ जुलै २०१६ रोजी त्यातून बाहेर पडणार होते. तत्पूर्वी, जूनच्या अखेरीस, दिग्दर्शक टॉमस केल यांनी अवघ्या तीन दिवसांत भरल्या नाट्यगृहातील प्रयोग टिपून घेतले, आणि काही गाणी रिकाम्या गृहात, कॅमेरा थेट रंगमंचावर नेऊन, पुन्हा चित्रित केली. नट आणि प्रेक्षक यांची जी भेट आक्षेपकांना नाटकाचा प्राण वाटते, ती त्या दिवसांत खरोखरच झाली होती. आपण तिचे चार वर्षांनंतरचे साक्षीदार आहोत. साक्षीदाराला भेटीचा आनंद लाभत नाही, हे नुकसान खरे आहे आणि ते लपविण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्या भेटीला आपण उपस्थित राहू शकत नव्हतो, तिची साक्षही आपल्याला मिळू नये, असे म्हणण्यास काही निराळा आधार लागेल, आणि तो या आक्षेपात नाही. शिवाय जुलै २०२० मध्ये या दस्तऐवजासमोर प्रतिस्पर्धी म्हणून सजीव प्रयोग उभा नव्हताच. त्या नाट्यगृहाला कुलूप होते.

दृष्टीच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद पुढच्या रांगेत बसणाऱ्याच्या मुखी शोभतो. रिचर्ड रॉजर्स थिएटरात आसने सुमारे १,३०० आणि २०१६ च्या जूनमध्ये त्यांतल्या सर्वोत्तम आसनांची किंमत ८४९ डॉलर, म्हणजे तत्कालीन विनिमयदराने पन्नास हजार रुपयांहून अधिक, ठरविण्यात आली होती. ज्याला ती परवडत नव्हती त्याने, नशिबाने तिकीट मिळालेच तर, सज्जाच्या टोकावरून आपले स्वातंत्र्य उपभोगावयाचे होते. रॉन चर्नो यांच्या चरित्रग्रंथावर आधारलेल्या आणि जवळजवळ आद्यंत गीतबद्ध असलेल्या या नाटकात वीस हजारांहून अधिक शब्द आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे रॅपच्या धावत्या लयीत येतात. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री असलेल्या हॅमिल्टनने राष्ट्रीय कर्जासंबंधी घातलेला वाद हा येथे गाण्याचा विषय आहे. तो इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या श्रोत्याच्या हाती पहिल्या ऐकण्यात लागणे दुरापास्तच. पडद्याखालच्या अक्षरांनी आणि पुन्हा मागे जाण्याच्या सोयीने तो अर्थासह हाती लागतो, आणि ज्या संगीत नाटकात शब्द हेच स्वरांचे वाहन आहे, तेथे शब्द कळणे ही क्षुल्लक प्राप्ती नव्हे.

तथापि आक्षेपकांच्या या मुद्द्यात तथ्यांश आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे सांगितले पाहिजे. थोरली बहीण अँजेलिका धाकटीच्या लग्नात शुभेच्छेचा पेला उचलते आणि वराशी, म्हणजे हॅमिल्टनशी, झालेली आपली पहिली भेट तिच्या मनात पुन्हा उलगडू लागते, त्या वेळी नर्तकांचा समूह नुकत्याच केलेल्या हालचाली उलट्या क्रमाने करीत मागे जातो, आणि डेव्हिड कोरिन्स यांच्या नेपथ्यातील दोन समकेंद्री फिरती वर्तुळे जणू काळालाच मागे नेतात. अँडी ब्लँकनब्यूलर यांच्या नृत्यरचनेचे हे वैभव संपूर्ण रंगमंच एका दृष्टिक्षेपात दिसला तरच कळते; कॅमेरा मुखाजवळ सरकला की भावना मिळते आणि रचना हरवते. याच्या उलट, राजा तिसरा जॉर्ज झालेले जोनाथन ग्रॉफ जवळजवळ निश्चल उभे राहून गातात, आणि वसाहतींवरील प्रेमाच्या आणाभाकांत तोफांची धमकी मिसळताना त्यांच्या ओठांवर आलेली लाळदेखील कॅमेऱ्याने टिपली आहे. सत्तेचा तो ओंगळ मोह सज्जातल्या प्रेक्षकाच्या वाट्याला कधीच आला नसता. तेव्हा चित्रमुद्रणात काही जाते आणि काही येते, आणि जे जाते त्याचा दोष बहुधा माध्यमाकडे नसून संकलकाच्या निवडीकडे असतो. समूहदृश्यात कॅमेरा दूर ठेवण्याची शिस्त पाळली, तर हे नुकसान बरेच आटोक्यात येते.

आता तिसरा आक्षेप. बोलपटाने संगीत नाटक बुडविले हे अर्धसत्य आहे, आणि त्यातील सत्याचा अर्ध प्रस्तुत वादाला लागू पडत नाही. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' निघाला तेव्हा त्याला संगीत देणारे व त्यात हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे हे गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक आणि 'मानापमाना'च्या चालींचे कर्ते होते. पुढे १९३५ साली 'धर्मात्मा'त स्वतः बालगंधर्वच एकनाथ झाले. म्हणजे बोलपटाने नाट्यगृहातील माणसे नेली, प्रेक्षक नेले आणि त्यांना नाटकाहून निराळीच वस्तू स्वस्तात दाखविली; मंडळ्यांच्या डोक्यावरील कर्जे आणि त्यांचा भव्य खर्च यांनी उरलेले काम केले. बोलपटाने नाटकाचे चित्रण दाखविले नाही. ज्या यंत्राने नाटकातले गाणे जसेच्या तसे घरोघर पोहोचविले, ते ग्रामोफोन त्याआधीच आलेले होते, आणि त्याच्या तबकड्या घरात वाजत असतानाही लोक तेच पद प्रत्यक्ष ऐकण्यासाठी थिएटरात गर्दी करीत होते. पूर्वपक्षाला दाखलाच हवा असेल, तर त्याने बोलपटाचा न देता ग्रामोफोनचा दिला पाहिजे, आणि तो त्याच्याच विरुद्ध जातो.

ब्रॉडवेवरील अनुभवही याहून निराळे सांगत नाही. 'फँटम'चा महोत्सवी प्रयोग २०११ सालीच चित्रपटगृहांतून दाखविला गेला. तरीही ब्रॉडवेवरचे 'फँटम' त्यानंतर अकरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहून १३,९८१ प्रयोगांनंतर १६ एप्रिल २०२३ रोजी थांबले. 'हॅमिल्टन'चे चित्रण वर्षाहून अधिक काळ घरोघर उपलब्ध असताना १४ सप्टेंबर २०२१ रोजी तेच नाटक त्याच थिएटरात पुन्हा उभे राहिले, आणि पुढे चालत राहिले. चित्रमुद्रणानेच प्रेक्षक वाढले असा कार्यकारणभाव यातून मी काढीत नाही. चित्रमुद्रणाने नाटक मरते हा सिद्धांत यातून टिकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. ही दोन्ही नाटके धनाढ्य होती आणि जेमतेम खर्च भरून काढणाऱ्या लहान निर्मात्याची गोष्ट वेगळी आहे, ही हरकत रास्त आहे. तिचे उत्तर मुदतीत आहे. 'हॅमिल्टन'चे चित्रण चार वर्षे राखून ठेवले होते, आणि मूळ बेताप्रमाणे ते ऑक्टोबर २०२१ मध्ये चित्रपटगृहांत यावयाचे होते. दस्तऐवज केव्हा खुला करावा हे ठरविण्याचा अधिकार निर्मात्याचा. तो कधीच खुला करू नये हा मात्र अधिकार नव्हे, आग्रह झाला.

आणि हा आग्रह किती जुना आहे पाहा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटर येथील शाखेत बेटी कॉर्विन यांनी १९७० सालापासून नाट्यप्रयोगांच्या चित्रमुद्रणाचा संग्रह सुरू केला, आणि ब्रॉडवेवरील शेकडो प्रयोग तेथे जतन झाले. परंतु कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या कराराप्रमाणे ते पाहण्याची मुभा अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक यांना, आणि तीही त्या इमारतीतच. म्हणजे चित्रमुद्रणाने नाटकाचा आत्मा नष्ट होतो असे रंगभूमीला स्वतःलाच गेल्या पन्नास वर्षांत वाटलेले नाही. वाद कलेचा नव्हता; पाहण्याची सनद कोणाला द्यावी याचा होता, आणि महामारीने तो प्रश्न दफ्तराबाहेर आणला.

येथवर उपासकांशी वाद झाला. पण त्यांच्या विरुद्ध टोकाला उभे असलेले उत्साही लोकही माझे वकीलपत्र गृहीत धरतील, म्हणून त्यांचाही समाचार घेणे प्राप्त आहे. यांच्या मते आता नाट्यगृहांची, दौऱ्यांची आणि तिकीटखिडकीची गरजच उरलेली नाही. ज्या चित्रणाचा ते दाखला देतात, ते भरल्या नाट्यगृहात, दहा महिने रोज प्रयोग करून मुरलेल्या संचाकडून मिळाले, हे त्यांच्या लक्षात येत नाही. प्रयोगच होणार नसेल तर दस्तऐवज कशाचा करणार? शिवाय दस्तऐवज एकदा झाला की गोठतो आणि मालकाच्या ताब्यात जातो. अल्पवयीनांना सोयीचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून 'हॅमिल्टन'मधील दोन अपशब्द घरच्या पडद्यावर ऐकू येऊ दिले नाहीत; बदल क्षुल्लक असेल, परंतु नाटककाराच्या शब्दावर वितरकाचा हात कसा पडू शकतो याची तो नोंद देतो. सजीव प्रयोग दुसऱ्या रात्री सुधारतो, रागावतो, रंगतो. चित्रमुद्रण तसे करीत नाही. त्याला प्रयोगाच्या गादीवर बसविणे हा प्रयोगावर आणि दस्तऐवजावर सारखाच अन्याय आहे.

मग माझा पक्ष कोणता? तो असा की, प्रत्येक महत्त्वाच्या संगीत नाटकाचे चित्रमुद्रण व्हावे, ते योग्य मुदतीनंतर सर्वसामान्यांना खुले व्हावे, आणि त्यातील प्राप्तीचा रीतसर हिस्सा रंगमंचावर व पडद्यामागे राबणाऱ्यांना मिळावा. शेवटची अट सोयीची पुरवणी नसून या पक्षाचा पाया आहे. 'हॅमिल्टन'च्या निर्मात्यांनी नाटक घडविण्यात सहभागी असलेल्या मूळ कलावंतांना नफ्यात वाटा देण्याचे एप्रिल २०१६ मध्ये मान्य केले, ते त्या कलावंतांनी मागणी लावून धरल्यावर. आणि २०२० च्या उत्तरार्धात ऑनलाइन दाखविल्या जाणाऱ्या नाटकांवर हुकमत कोणाची, यावरून अमेरिकेतील रंगभूमीवरच्या नटांची संघटना व चित्रपट-दूरचित्रवाणीच्या नटांची संघटना यांच्यात जो तंटा पेटला, तो नोव्हेंबरमध्ये समेट होईपर्यंत धुमसत राहिला. नव्या माध्यमात श्रमाचा मोबदला आपोआप येत नाही. तो करारात लिहून घ्यावा लागतो.

हा पक्ष मराठी वाचकापुढे मांडताना एक दाखला मला डावलता येत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तीन महिन्यांतच केशवराव गेले. त्या रात्रीचे आपल्याजवळ आठवणी आणि आख्यायिका यांखेरीज काही नाही, कारण ती टिपणारे साधनच तेव्हा नव्हते. बालगंधर्वांच्या गायनाचा जो ठेवा उरला, तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचा. 'वन्समोअर'गणिक वाढत जाणारे त्यांचे पद नाट्यगृहात कसे उभे राहत असेल, हे त्यातून कळत नाही. त्या पिढीला साधन नव्हते म्हणून तिला दोष देता येत नाही. आपल्याजवळ ते आहे. आणि तरीही आजचे संगीत नाटक टिपून न ठेवता विरू दिले, किंवा टिपून कपाटात कोंडले, तर दोष आपलाच ठरेल.

म्हणून निर्मात्यांना माझे सांगणे एवढेच की, चांगला संच विखुरण्यापूर्वी त्याचे चित्रण करा, त्याचा करार कलावंतांसमोर बसून लिहा, आणि प्रयोगांचा बहर ओसरल्यावर ते लोकांना पाहू द्या. आणि प्रेक्षकांना असे की, महाराष्ट्रातील नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडलेली आहेत. साथीच्या दिवसांत ज्या कलेने तुमच्या घरी येऊन सोबत केली, तिचे देणे फेडण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे तिकीट काढून तिच्या दारी जाणे.