छायाचित्र कशाचे घ्यावे?

मुलांनो, 'आपले शरीर व आपले मन' या विषयावर तुमच्या वर्गाने छायाचित्रमाला करावयाची ठरविली, तर तीत कशाची छायाचित्रे घ्याल? केवळ सुंदर चेहऱ्यांची? तसे करू नये, असे मला वाटते.

कॅमेरा नेहमीच खरे सांगतो, असे नाही. तो चेहऱ्याच्या फार जवळ धरला, तर नाक आहे त्याहून मोठे दिसते. जाहिरातींतील कित्येक चित्रे तर मागाहून सुधारलेली असतात. म्हणूनच फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड करून दाखविलेल्या जाहिरातीवर तसे स्पष्ट लिहिणे कायद्याने आवश्यक ठरले. असल्या चित्रांशी स्वतःला ताडून पाहणारे मूल उगाच खंतावते. त्यातच कोणी 'जाड्या' म्हणून चिडविले, की ते खेळायलाही येईनासे होते. अशी खंत मनात कोंडून न ठेवता वडीलधाऱ्यांना सांगावी.

तुम्ही रोपाला पाणी घालणारे हात टिपा, शर्यतीत धावणारे पाय टिपा, हसताना बारीक झालेले आजीचे डोळे टिपा. मात्र आधी त्या व्यक्तीची अनुमती घ्या. ती 'नको' म्हणाली, तर कॅमेरा खाली ठेवा. शरीर हा आपला जन्माचा सोबती आहे. सोबत्याच्या उणिवा मोजीत कोण बसतो?