यंत्रणा पुरी पडणार नाही, हे सांगायचे कोणी?

एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईत मुख्यालय असलेल्या कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन व मोबाइल मार्गाने नवे ग्राहक जोडण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. ती उठायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. व्यवसायाच्या वाढीला साजेशी संगणकीय यंत्रणा आणि नियंत्रणे बँकेने उभारली नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये, सेवा वारंवार बंद पडल्याने, एचडीएफसी बँकेवरही असाच बडगा उगारला गेला होता. दोन्ही वेळा चर्चा रंगली ती यंत्रणांची. मागणी पेलवणार नाही हे वेळीच सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मागेच पडला.

मोठ्या संस्थांत ही जबाबदारी दोन पदांमध्ये विभागलेली असते. पहिले मुख्य माहिती अधिकारी, अर्थात सीआयओ. (माहिती अधिकार कायद्यातील माहिती अधिकाऱ्याशी त्याचा संबंध नाही.) दुसरे व्यवसाय-संबंध व्यवस्थापकाचे. बँकेत ‘रिलेशनशिप मॅनेजर’ म्हटले की धनिक खातेदारांची विचारपूस करणारा डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. याचे ग्राहक संस्थेतलेच. कर्ज, कार्ड, शाखा या विभागांना काय हवे ते जाणून घ्यायचे, त्यातले अग्रक्रम ठरवायचे आणि तंत्र विभागाला समजेल अशा भाषेत ते मांडायचे, हे त्याचे काम. ‘आयएसओ २०,०००’ या सेवा-व्यवस्थापनाच्या मानकात या कामाला २००५ पासून स्थान आहे.

हे पद म्हणजे सीआयओपदाची धाकटी पायरी, असा समज रूढ आहे. तो फसवा आहे. व्यवस्थापकाकडे मन वळवण्याची ताकद असते. अंदाजपत्रक आणि माणसे सीआयओच्या हाती असतात. उत्तरदायित्वही त्याचेच. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये खाती नव्या यंत्रणेवर हलवली आणि ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन सीआयओ कार्लोस अबार्का यांना व्यक्तिशः ८१ हजार ६२० पौंड भरावे लागले. सेवा पुरवणाऱ्या समूहातीलच कंपनीच्या सज्जतेची त्यांनी पुरेशी खातरजमा केली नाही, असा ठपका होता. समूहातील आप्तांवर विश्वास टाकण्याची किंमत एका माणसाच्या नावावर लिहिली गेली.

भारतातही १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार पुरेसा ज्येष्ठ व तंत्रकुशल आयटी प्रमुख नेमणे बँकांना बंधनकारक आहे. माहिती सुरक्षा प्रमुखाला व्यवसायाची उद्दिष्टे देऊ नयेत, अशी सुज्ञ अटही त्यात आहे. तिच्यामागचा विचार संबंध व्यवस्थापकालाही लागू पडतो. ज्या विभागांच्या समाधानावर त्याची बढती ठरते, त्यांनाच ‘या तिमाहीत हे शक्य नाही’ असे तो कितीदा सांगेल? मग प्रत्येक मागणी ‘तातडीची’ होऊन सीआयओच्या टेबलावर येते, आणि यंत्रणेच्या देखभालीसाठी मात्र कोणताही विभाग आग्रह धरीत नाही. त्याचे मूल्यमापन सीआयओ आणि व्यवसाय विभाग यांनी मिळून करावे आणि नाकारलेल्या मागण्यांची कारणांसह नोंद संचालक मंडळाच्या आयटी समितीपुढे ठेवावी. ही समिती दर तिमाहीस किमान एकदा भरणे आता सक्तीचेच आहे.