फ्रिज गार होईना, तेव्हा
फ्रिजचा दिवा लागतो म्हणून आतले अन्न सुरक्षित आहे, असे समजू नये. दूध नासू लागले, तर प्रथम बर्फाचा कप्पा पाहावा. तो थंड आणि खालचे कप्पे कोमट असतील, तर थंड हवेची वाट बहुधा बर्फाने किंवा भांड्यांच्या दाटीने अडलेली असते. भांडी विरळ ठेवावीत. वीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडल्यास नळीला छिद्र पडून वायू निसटू शकतो. दोन्हीकडे गारवा कमी असेल, तर दारात कागद धरून ओढावा. तो सहज निसटल्यास रबर सैल झाले आहे. वीज बंद ठेवूनच मागील जाळीवरची धूळ झाडावी. एवढे करूनही तापमान ५ अंश सेल्सिअसखाली न आल्यास कारागिराला बोलवावे. दरम्यान २ तासांहून अधिक काळ कोमट राहिलेले शिजवलेले अन्न, वास चांगला असला तरी, कोणासही वाढू नये.