संगणक-कोपरा : बारा यंत्रांचे बारसे

मंडळाच्या मराठी शाळेत बारा संगणक आहेत. त्यांची नावे विंडोजनेच ठेवलेली : 'डेस्कटॉप', आडवी रेघ, आणि पुढे सात अक्षरा-आकड्यांचा काला. कोणते यंत्र कोणत्या टेबलावर, हे फक्त आम्हाला ठाऊक. म्हणजे, असा आमचा समज!

म्हटलं, बारसे उरकून घेऊ. नावे गडांची : राजगड, तोरणा, सिंहगड. विंडोजच्या जुन्या नेटबायॉस पद्धतीत नाव 15 रोमन अक्षरांपुरतेच चालते, त्यामुळे गड आरामात बसतात. प्रत्येक टेबलापाशी जाऊन माऊसने नाव बदलायचे तर अख्खा रविवार गेला असता. त्यापेक्षा सर्व्हरपाशी बसून काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची : 'नेटडॉम रिनेमकॉम्प्युटर', मग जुने नाव, नवे नाव, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते, शेवटी 'रीबूट'. यंत्राचेही नाव बदलते आणि सर्व्हरकडची नोंदही. 2012 च्या पॉवरशेलपासून 'रिनेम-कॉम्प्युटर' ही आज्ञाही हेच करते.

मात्र यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याशिवाय नवे नाव लागत नाही. इथेच आम्ही माती खाल्ली. आमची यादी जुनी. मधल्या काळात कुणीतरी दोन यंत्रांची अदलाबदल केलेली. कोपऱ्यातले रिकामे यंत्र समजून आज्ञा सोडली, आणि त्यावर एक आजी दिवाळी अंकाचा लेख टाइप करत होत्या. 'रीबूट'ला वेळ दिली नाही तर 30 सेकंद मिळतात. आजींनी चष्मा शोधेपर्यंत पडदा काळा! दोन पाने गेली.

"अरे, आधी सांगायचं तरी," एवढेच म्हणाल्या. दुपारभर त्या सांगत होत्या, आम्ही टाइप करत होतो.

उरलेली अकरा मात्र नीट केली. आधी प्रत्येक यंत्रावर 'होस्टनेम' लिहून खरे नाव पाहिले, चिठ्ठी चिकटवली. आज्ञेतून 'रीबूट' गाळले. शाळा सुटल्यावर सगळी यंत्रे एकदम 'शटडाउन'ने पुन्हा सुरू केली. सर्व्हर स्वतः डोमेन कंट्रोलर असल्याने त्याला हात लावला नाही. त्याच्यासाठी 'नेटडॉम कॉम्प्युटरनेम'ने आधी दुसरे नाव जोडून मग ते मुख्य करावे लागते, आणि तेवढा धीर त्या दिवशी उरला नव्हता.

प्रिंटर तोरण्याला जोडलेला आहे. बाकीची यंत्रे अजून त्याला जुन्याच नावाने हाका मारतात. ते येत्या रविवारी.