तलवार मोडा, पण मालकाला विचारून!

ज्यांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचा एक योद्धा किंवा जादूगार कागदावर असतो आणि डंजन मास्टर, म्हणजे डीएम, राक्षसांसकट बाकीचं सगळं जग चालवतो. काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवतात. बस्स!

आता मुद्दा. लढाईत समोरच्याची तलवार किंवा ढाल फोडता यावी का? 2003 च्या साडेतीन आवृत्तीत त्यासाठी 'संडर' हा नियम होता. आधी दोघांनी फासे टाकायचे, हल्ला करणारा जिंकला की नुकसान मोजायचं. साध्या लाँगसोर्डला हार्डनेस 10 आणि हिट पॉइंट्स 5. प्रत्येक घावातून 10 वजा, उरेल तेवढंच तलवारीला लागणार. म्हणजे एका घावात मोडायला 15 हवेत. 18 ताकदीचा गडी दोन्ही हातांनी ग्रेटॲक्स चालवतो तेव्हा बारा बाजूंचा फासा अधिक 6. फाशावर 9 किंवा जास्त पडले की तुकडे! तीनातून एकदा.

मेकॅनिकलवाल्यांना हे आवडेल. 10 पर्यंतचे घाव कितीही घाला, तलवारीला ओरखडा नाही. फटीगमध्ये आपण स्टीलची एन्ड्युरन्स लिमिट शिकतो, थोडंफार तसंच. नाव मात्र चुकलंय. मोडण्याला विरोध करते ती टफनेस, हार्डनेस नव्हे. व्हायवाला असं बोललात तर सर बाहेर काढतील.

गणित ठीक, पण न्यायाचं काय? डीएमकडे हत्यारांचा तोटा नसतो. खेळाडूकडे एकच जादूची तलवार, तीही कित्येक रविवार घालून मिळवलेली. उलट त्याने शत्रूची तलवार फोडली तर नंतर लुटीत मिळणारा माल त्यानेच फोडला! म्हणजे नियम दोघांना सारखा, फटका एकालाच. मग तो रुसतो, पुढच्या रविवारी "सबमिशन आहे रे" म्हणतो आणि ग्रुप मोडतो. तलवारीपेक्षा हे नुकसान मोठं.

काही जण म्हणतात, मग नियमच काढा. 2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये संडर नाहीच. मला ते पटत नाही. काहीच तुटत नसेल तर ढाल म्हणजे कागदावरचा +2. आइसलँडच्या कोर्माकच्या सागामध्ये द्वंद्वात प्रत्येकाला तीन ढाली देण्याचा नियम आहे, कारण ढाली फुटणारच हे धरलेलं होतं.

मधला रस्ता 'पाथफाइंडर'ने दाखवला. 2009 मध्ये त्यांनी 'ब्रोकन' ही अवस्था ठेवली. निम्मे हिट पॉइंट्स गेले की हत्यार अधू होतं, हल्ल्याला आणि नुकसानीला -2, पण दुरुस्त करता येतं. 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत तर शील्ड ब्लॉक आला. उचललेल्या ढालीवर घाव घ्यायचा की नाही हे खेळाडू स्वतः ठरवतो. स्टीलच्या ढालीला हार्डनेस 5, हिट पॉइंट्स 20. 13 चा घाव आला तर 5 अडतात, उरलेले 8 ढालीलाही लागतात आणि तुम्हालाही. ढाल वाचवू की जीव? हा खरा खेळ!

तेव्हा तमाम डीएम मंडळींनो, हॉस्टेलमध्ये एवढं तरी करा. खेळाडूचं हत्यार जास्तीत जास्त अधू करा. पूर्ण मोडायचं की नाही ते त्यालाच ठरवू द्या. स्वतः निवडून मोडलेल्या ढालीची गोष्ट तो मेसमध्ये महिनाभर सांगेल. तुम्ही मोडलीत, तर फक्त भांडण होईल.